‘वेट हॉट अमेरिकन समर’मध्ये हसायचे नेमके कुठे?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. तुम्हाला एकांकिका स्पर्धेसाठी किशोरवयीन मुलांच्या उन्हाळी शिबिरावर विडंबन लिहायचे आहे आणि म्हणून कोणीतरी तुम्हाला डेव्हिड वेन यांचा २००१ मधला ‘वेट हॉट अमेरिकन समर’ हा चित्रपट पाहायला सांगितला. तुम्ही तो पाहिलात आणि गोंधळून गेलात. तिशीला टेकलेली माणसे सोळा वर्षांची म्हणून वावरतात, भाज्यांचा डबा बोलतो, आकाशातून अंतराळ स्थानकाचा तुकडा पडतो, ज्याची वाट पाहावी तो सामना होतच नाही आणि शेवटी नायिका सज्जन नायकाला सोडून उर्मट मुलाकडे जाते. यात विडंबन आहे ते कशाचे, हे लोक त्याला इतके का मानतात आणि यातून मराठी एकांकिका लिहिणाऱ्याने घ्यावे काय, असे तुम्ही विचारले आहे.

मी चोवीस वर्षे चित्रपट आणि मालिकांचे संकलन करतो आणि त्यातला निम्म्याहून अधिक काळ विनोदी कामात गेला आहे. त्यामुळे हे उत्तर समीक्षकाचे नाही. एकच दृश्य चाळीस वेळा मागेपुढे करून पाहणाऱ्या माणसाचे आहे. पहिल्यांदा पाहताना मलाही सुरुवातीची वीस मिनिटे हाती काही लागले नव्हते. दुसऱ्यांदा पाहताना लक्षात आले की मी शिबिराकडे पाहत बसलो होतो आणि चित्रपटाचा रोख शिबिरावरच्या चित्रपटांवर होता. ही एक गोष्ट ध्यानात आली की बाकीची कुलुपे भराभर उघडतात.

विडंबनाची पहिली अट अशी की मूळ कविता ऐकणाऱ्याला पाठ असावी. केशवकुमारांनी रविकिरण मंडळाच्या कवींची जी विडंबने केली, त्यांवर तेव्हाचा वाचक खो खो हसला, कारण ती मूळची वळणे त्याच्या कानात घोळत होती. आज तीच विडंबने महाविद्यालयातल्या मुलांना वाचून दाखवली तर ती सभ्यपणे स्मित करतात, कारण मूळ कविता त्यांच्यापर्यंत पोहोचलेलीच नाही. तुमचे या चित्रपटाच्या बाबतीत नेमके तसेच झाले आहे, आणि त्यात तुमचा काहीही दोष नाही.

तेव्हा आधी मूळ गोष्ट. आपल्याकडे उन्हाळी शिबिर म्हटले की आठ-दहा दिवसांचे, सकाळी सूर्यनमस्कार आणि संध्याकाळी घरी, असे काहीतरी डोळ्यांसमोर येते. निवासी असले तरी ते फार लांबत नाही. अमेरिकेच्या ईशान्य भागातले निवासी शिबिर म्हणजे जूनच्या अखेरीपासून ऑगस्टपर्यंत सात-आठ आठवडे आईवडिलांपासून दूर, तळ्याकाठी, लाकडी खोल्यांत काढलेला अख्खा उन्हाळा. मुलांची काळजी घेणारे ‘काउन्सेलर’ हे स्वतःच सोळा ते वीस वर्षांचे असतात. म्हणजे पोरांनीच पोरे सांभाळायची. दरवर्षी तीच मुले, तीच खोली, तेच तळे, आणि शेवटच्या दिवशी रडारड. वेन आणि त्यांचे सहलेखक मायकल शोवॉल्टर या दोघांनीही हे लहानपणी अनुभवले होते. वेन मेन राज्यातल्या कॅम्प मोडिन या ज्यू शिबिरात जात, तर शोवॉल्टर मॅसॅच्युसेट्समधल्या बर्कशर टेकड्यांत कॅम्प मोहॉकमध्ये. चित्रपटातला कॅम्प फायरवुड हाही मेनमध्येच आहे, आणि हजेरीत पुकारली जाणारी आडनावे, शेवटच्या कार्यक्रमात येणारा जुन्या धाटणीचा विनोदवीर, या सगळ्याला न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिल डोंगरांतल्या ज्यू सुट्टीघरांच्या रंगमंचाचा वास आहे. म्हणजे शिबिराविषयी या दोघांच्या मनात माया आहे. चिडवायचे आहे ते दुसऱ्याच कोणाला.

ते दुसरे म्हणजे १९७९ नंतर आलेली चित्रपटांची एक लाट. त्या वर्षी आयव्हन राइटमन यांनी कॅनडात ‘मीटबॉल्स’ केला, त्यात बिल मरे खोडकर पण मनाने मऊ असा काउन्सेलर झाले, आणि तो इतका चालला की त्याचा साचाच पडला. साचा असा: एक गरीब शिबिर, समोर तळ्यापलीकडचे श्रीमंत शिबिर, एक लाजरा मुलगा, एक खोडकर पण प्रेमळ दादा, एक अप्राप्य मुलगी, शेवटी दोन शिबिरांची स्पर्धा, दुबळ्यांचा विजय आणि शेकोटीभोवती निरोप. पुढच्याच वर्षी ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ आला आणि याच शिबिराची भयकथा झाली: काउन्सेलर प्रेमात गुंग होते, एक मुलगा तळ्यात बुडाला, आणि पुढे त्याचा सूड. या दोन साच्यांवर अमेरिकेतली एक पिढी व्हिडिओ कॅसेटच्या काळात वाढली. वेन आणि शोवॉल्टर यांनी आपली कथा १८ ऑगस्ट १९८१ या एकाच दिवशी, शिबिराच्या शेवटच्या दिवशी, ठेवली ती याच लाटेच्या मधोमध.

आता वयाचा विनोद घेऊ, कारण तुम्ही तिथेच अडकलात. चित्रीकरण २००० सालच्या मे महिन्यात झाले. तेव्हा पॉल रड आणि केन मरिनो ३१ वर्षांचे होते, शोवॉल्टर आणि जो लो ट्रुग्लियो २९ चे, एमी पोलर आणि मायकल इयन ब्लॅक २८ चे, एलिझाबेथ बँक्स २६ च्या, आणि ज्याचा हा पहिलाच चित्रपट होता तो ब्रॅडली कूपर २५ चा. हे सगळे सोळा-सतरा वर्षांचे काउन्सेलर म्हणून उभे राहतात. हॉलिवूडने किशोरवयीनांच्या भूमिकांत पंचविशीतले नट वर्षानुवर्षे खपवले आणि प्रेक्षकाने ते निमूटपणे मान्य केले. वेन यांनी ती तडजोड फक्त पाच-सहा वर्षे पुढे ढकलली, इतकी की ती दिसू लागावी. पण महत्त्वाची गोष्ट अशी की शिबिरातली लहान मुले मात्र खरोखरच लहान आहेत. दहा-बारा वर्षांच्या मुलाशेजारी दाढीची हिरवट छटा असलेला ‘सोळा वर्षांचा’ दादा उभा राहतो आणि चित्रपटात कोणीही त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. एखाद्या पात्राने भुवई उंचावली असती तर विनोद तिथेच संपला असता.

मला या चित्रपटातून जे शिकायला मिळाले ते इतकेच आहे, आणि तुमच्याही उपयोगाचे तेच आहे: कोणीही डोळा मारत नाही. १९८० मध्ये ‘एअरप्लेन!’ करणाऱ्या झकर बंधूंनी आणि जिम एब्राहम्स यांनी ‘झीरो अवर!’ या १९५७ च्या गंभीर विमानपटाचे हक्क रीतसर विकत घेऊन त्यातले संवाद जवळजवळ जसेच्या तसे वापरले होते, आणि लेस्ली नील्सनसारख्या गंभीर भूमिका करणाऱ्या नटांना अगदी गंभीरपणेच बोलायला लावले होते. ती शाळा इथे आहेच. पण एक फरक आहे. ‘एअरप्लेन!’मध्ये विनोदांचा मारा होतो, एक चुकला तर दुसरा लागतो. इथे बऱ्याच वेळा विनोद ओळीत नसतो, तो रचनेत असतो. त्यामुळे वाक्यावर कान लावून बसलेल्या प्रेक्षकाच्या हातून तो निसटतो.

उदाहरण म्हणून गावात जाण्याचा प्रसंग घ्या. शिबिराची संचालिका बेथ, म्हणजे जॅनीन गॅरोफालो, काही काउन्सेलरांना गाडीत घालून तासाभरासाठी गावात जाते. आनंदी संगीत सुरू होते आणि आपल्याला माहीत असलेला मोंताज, म्हणजे संगीतावर जोडलेल्या छोट्या तुकड्यांची माळ, सुरू होतो: हसणे, खाणे, भटकणे. मग कोणाच्या तरी हातात बिअर येते, मग गांजा, मग रस्त्यावरच्या एका म्हातारीची पर्स हिसकावली जाते, मग कोकेन, आणि शेवटी एका अंधाऱ्या खोलीत सगळे नशेत लोळागोळा होऊन पडलेले. त्यानंतरच्या कटला गाडी शिबिराच्या फाटकातून आत येते, सगळे टवटवीत, आणि शिबिरातून तासभर बाहेर पडले की कसे बरे वाटते, असे कोणीतरी सहज म्हणते. इथे लोक नशेवर हसतात असे अनेकांना वाटते. माझ्या मते ते मोंताज नावाच्या युक्तीला हसतात. चित्रपटात संगीताच्या दोन मिनिटांत वाटेल तेवढा काळ आणि वाटेल तेवढे परिवर्तन कोंबता येते, हा संकलकांनी प्रेक्षकाशी केलेला जुना करार आहे. वेन यांनी तो करार शब्दशः पाळला: एका तासात पूर्ण अधःपतन, आणि परतीच्या कटला सगळे माफ. आम्हा लोकांच्या धंद्यातली ही लबाडी इतक्या उघडपणे मांडलेली मी क्वचितच पाहिली आहे.

दुसरे दृश्य ताटाचे. अँडी, म्हणजे पॉल रड, भोजनगृहात आपले ताट जमिनीवर टाकतो. बेथ त्याला ते उचलायला सांगते. बस्स, एवढाच प्रसंग. पण तो उचलताना जे काही करतो ते पाहण्यासारखे आहे: मान मागे टाकणे, खांदे पाडणे, पाय ओढणे, सुस्कारे, हाडे वितळल्यासारखे वाकणे. सर्वसाधारण संकलक हे दृश्य दहा सेकंदांत संपवेल. इथे ते चालूच राहते. आधी हसू येते, मग ओसरते, मग ‘हे अजून चालू आहे’ या जाणिवेने पुन्हा उसळते, आणि हे दुसरे हसू पहिल्यापेक्षा मोठे असते. एका विनोदी मालिकेत मी असेच एक दृश्य लांब ठेवले होते, तर वाहिनीच्या माणसाने ‘इथे काही घडत नाही’ म्हणून ते निम्म्यावर आणायला लावले. राहिलेल्या निम्म्यात खरोखरच काही घडत नव्हते, कारण जे घडत होते ते लांबीमुळे घडत होते.

याच्या उलट टोकाचा विनोद म्हणजे पाठलाग. मुलांना नदीवर तराफ्यांवर सोडून पळालेल्या व्हिक्टर या काउन्सेलरला पकडायला त्याचा सहकारी नील मोटारसायकलवरून निघतो. व्हिक्टर पायी धावतो आहे. रस्त्यात गवताचा एकच भारा आडवा येतो, आजूबाजूला भरपूर मोकळी जागा असते, आणि नील हताश होऊन थांबतो. पाठलागाच्या दृश्यात अडथळा आला की वाहन थांबते, हा नियम. मग अडथळा केवढा आहे याच्याशी नियमाला काय देणेघेणे?

सामन्याचे तर त्याहून मोठे धाडस. साच्यानुसार कॅम्प फायरवुडचा दुसऱ्या शिबिराशी सामना ठरलेला असतो, समोरचे गर्विष्ठ, आपले दुबळे, सगळी तयारी असते. मैदानावर जाण्याआधी आपल्याच मुलांपैकी एक जण म्हणतो की दुबळ्यांनी शेवटी जिंकण्याचे हे प्रकरण फारच चावून चोथा झालेले नाही का; बाकीच्यांना पटते, समोरच्यांनाही पटते, आणि सामना रद्द होतो. पटकथा शिकवणारा माणूस सांगेल की पहिल्या अर्ध्यात जे पेरले ते दुसऱ्या अर्ध्यात उगवले पाहिजे. इथे ते उगवू दिलेले नाही, आणि न उगवणे हाच विनोद. तुम्ही ‘सामना होतच नाही’ अशी तक्रार केली आहे. ती तक्रार करण्याइतका साचा तुमच्या अंगात भिनलेला आहे, म्हणजे मघाशी मी म्हणालो त्यापेक्षा मूळ कविता तुम्हाला जास्त पाठ आहे!

केटी आणि कूप यांचे प्रकरण याच माळेतले, पण त्यात मला थोडी वेदनाही दिसते. कूप हा शोवॉल्टर यांनी स्वतः केलेला सज्जन, हळवा मुलगा. केटी त्याला आवडते. केटीचा मित्र आहे तो उर्मट अँडी. शिबिराचा स्वयंपाकी जीन, जो व्हिएतनाम युद्धातून परतलेला आहे आणि ज्याला भाज्यांचा डबा उपदेश करतो, कूपला कठोर साधना करवून पुरुष बनवतो. डब्याचा आवाज एच. जॉन बेंजामिन यांचा, आणि जीन झालेले क्रिस्टोफर मेलोनी तेव्हा दूरदर्शन मालिकेत कठोर पोलिसाच्या भूमिकेसाठी ओळखले जात, म्हणून त्यांच्या तोंडी हे बरळणे आणखी चढते. साधना झाली, आत्मविश्वास आला, केटीने चुंबनही दिले. आता शेवट गोड होणार. आणि सकाळी केटी त्याला अत्यंत समजूतदारपणे सांगते की तो फार चांगला आहे, पण ती सोळा वर्षांची आहे आणि अँडी दिसायला फार देखणा आहे. हा या चित्रपटातला सर्वात खरा क्षण आहे, असे माझे मत आहे. असंख्य चित्रपटांनी सज्जन मुलांना जे खोटे आश्वासन दिले ते इथे दोन मिनिटांत परत घेतले जाते, आणि तेही कोणालाही खलनायिका न ठरवता.

तसाच बेन आणि मॅकिन्ली यांचा प्रसंग. हे दोघे काउन्सेलर मुलगे एकमेकांच्या प्रेमात आहेत आणि तळ्याकाठी लपून लग्न करतात. मित्रांना ते कळते तेव्हा ते रागाने धुमसत येताना दिसतात. दृश्य अशा रीतीने उभे केले आहे की आता मारहाण होणार असे वाटावे. आणि ते येतात ते लग्नाची भेट म्हणून एक आरामखुर्ची घेऊन. चित्रपट आला तेव्हा अमेरिकेतल्या एकाही राज्यात असे लग्न कायदेशीर नव्हते. ज्या मेन राज्यात ही कथा घडते तिथे ते २०१२ च्या मतदानानंतर झाले. प्रेक्षकाच्या अपेक्षेला दिलेला हा चकवा आज पाहताना विनोदापेक्षा कोवळा वाटतो. बेन आणि मॅकिन्ली झालेल्या कूपर आणि ब्लॅक यांनी त्या प्रेमाची जराही टवाळी केलेली नाही.

बुडणाऱ्या मुलाबद्दल तुम्ही लिहिलेले नाही, पण मला वाटते तुम्हाला ते खटकले असणार. अँडी जीवरक्षक म्हणून तळ्याकाठी बसलेला असताना लिंडसे नावाच्या दुसऱ्याच मुलीचे चुंबन घेण्यात गुंग आहे आणि एक मूल बुडते. पुढे त्याला फिकीर आहे ती फक्त साक्षीदार मुलाला गप्प करण्याची. क्रूर आहे, शंकाच नाही. पण वर सांगितलेल्या भयपटाचा पाया नेमका हाच प्रसंग आहे, आणि तिथे त्यावर सूडाचे अख्खे पुराण उभे राहिले. मी हे दृश्य असे वाचतो की इथे तोच प्रसंग घडतो, आणि कथा त्याची दखल घ्यायला साफ नकार देते.

स्कायलॅबविषयी मात्र दोन वाक्ये जास्त. डेव्हिड हाइड पिअर्स यांनी केलेला शेजारचा खगोलशास्त्रज्ञ सांगतो की नासाच्या स्कायलॅबचा तुकडा शिबिरावर कोसळणार आहे. खरे स्कायलॅब १९७३ मध्ये अंतराळात गेले आणि ११ जुलै १९७९ रोजी हिंदी महासागरावर आणि पश्चिम ऑस्ट्रेलियावर तुकड्यांनी पडले; त्या उन्हाळ्यात भारतातही त्याची केवढी धास्ती होती हे तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. चित्रपट १९८१ मध्ये घडतो, म्हणजे स्कायलॅब दोन वर्षे आधीच पडून गेलेले आहे. ही चूक कोणी दुरुस्त करत नाही, कारण त्या दशकाच्या आठवणींत सगळे असेच एकमेकांत मिसळलेले असते.

आता लोक याला का मानतात, या भागाकडे येतो. सुरुवातीला अजिबात मानत नव्हते. पैसे उभे करायला सुमारे तीन वर्षे गेली. वेन, शोवॉल्टर, ब्लॅक, मरिनो, लो ट्रुग्लियो ही मंडळी एमटीव्हीवरच्या ‘द स्टेट’ या प्रहसन गटातून आलेली, गटाला चाहते होते पण चित्रपटाला सावकार नव्हते. शेवटी १८ लाख डॉलरांत काम झाले. सनडान्स चित्रपट महोत्सवात वितरकांकडून चांगला भाव मिळावा म्हणून हाच चित्रपट ५० लाखांचा असल्याचे सांगण्यात आले होते, हे वेन यांनी दहा वर्षांनी मुलाखतीत कबूल केले. पेनसिल्व्हेनियातल्या होन्सडेलजवळच्या कॅम्प टोवांडामध्ये २८ दिवस चित्रीकरण झाले, सगळे नट आणि तंत्रज्ञ तिथेच शिबिरार्थींसारखे राहिले, आणि वेन यांच्या सांगण्यानुसार अठ्ठावीसही दिवस पाऊस पडला. नीट पाहिलेत तर भर उन्हाळ्याच्या दृश्यांत नटांच्या तोंडातून थंडीची वाफ निघताना दिसते, आणि खोलीच्या खिडकीबाहेर पाऊस असताना पुढच्याच कटला बाहेर ऊन असते. दुसऱ्या कोणत्याही चित्रपटात हे जुळत नाही म्हणून माझी झोप उडाली असती. इथे हे सगळे विडंबनातच जिरून जाते.

चित्रपट जुलै २००१ मध्ये मोजक्या पडद्यांवर लागला आणि अमेरिकेत तीन लाख डॉलरांच्या आतच थांबला. समीक्षक रॉजर एबर्ट यांनी एकच तारा दिला, आणि परीक्षण लिहिले ते शिबिरातून घरी पत्र पाठवणाऱ्या मुलाच्या, ॲलन शेरमन यांच्या १९६३ च्या प्रसिद्ध विनोदी गाण्याच्या चालीवर. म्हणजे शिबिराचे विडंबन नापसंत करायला त्यांनी शिबिराच्या गाण्याचे विडंबन केले. ही दाद आहे की तक्रार, याचा निर्णय मी अजून केलेला नाही. उलट ‘एंटरटेनमेंट वीकली’च्या ओवेन ग्लायबरमन यांनी त्याला वर्षातल्या उत्तम दहांत बसवले. इतके टोकाचे मतभेद होण्याचे कारण मला असे दिसते की डोळा न मारणारे विडंबन आणि सरळसरळ वाईट चित्रपट यांच्यातली रेघ फार बारीक असते, आणि ती ओळखायला प्रेक्षकाला दिग्दर्शकावर थोडा विश्वास टाकावा लागतो. तो विश्वास पुढे डीव्हीडी आणि मध्यरात्रीचे खेळ यांतून हळूहळू जमा झाला. त्यातले नट एकेक करून मोठे झाले हेही खरे. पण केवळ नावांमुळे माणसे एकच चित्रपट पंधरा वेळा पाहत नाहीत.

आणि मग वयाचा विनोद आणखी वाढला. २०१५ मध्ये नेटफ्लिक्सने आठ भागांची मालिका काढली ती त्याच उन्हाळ्याच्या पहिल्या दिवसाची, म्हणजे चित्रपटाच्या आधीची. पॉल रड आता ४६ वर्षांचे झालेले, आणि पात्र मात्र दोन महिन्यांनी लहान. कूपर यांना इतकी कमी सवड होती की त्यांची सगळी दृश्ये एका दिवसात उरकली. २०१७ मध्ये पुढची आठ भागांची मालिका आली, दहा वर्षांनंतरची; तीत कूपर येऊ शकले नाहीत म्हणून बेनची भूमिका ॲडम स्कॉट यांनी केली, आणि चेहरा बदलल्याचे स्पष्टीकरण म्हणून नाकाच्या शस्त्रक्रियेचा दाखला देण्यात आला. अडचणीचा असा राजरोस वापर करायची हिंमत हवी.

तुमच्या एकांकिकेबद्दल. अमेरिकन शिबिराचे विडंबन मराठी स्पर्धेत लिहू नका, कारण सभागृहातल्या तीनशे लोकांना मूळ साचा ठाऊक नसेल आणि तुमची मेहनत पहिल्याच ओळीत विझेल. त्यांना काय पाठ आहे ते शोधा. शिबिरच हवे असेल तर आपल्या शिबिरांची स्वतःची रीत आहे: प्रमुख पाहुण्यांची वाट पाहत उन्हात उभे राहणे, दीपप्रज्वलनाच्या वेळी वाऱ्याने विझणारी वात, ‘दोनच शब्द बोलतो’ म्हणून पाऊण तास बोलणारे अध्यक्ष, समारोपाच्या रात्री रडत रडत वहीत पत्ते लिहून घेणारी मुले. पण हेही नुसते शिबिर झाले. त्याच्याही पुढे जाऊन तुम्हाला असा एक साचा हवा आहे जो नाटकाचा आहे, आणि स्पर्धेतल्या एकांकिकांचा साचा तर तुमच्या समोरच पडलेला आहे: अंधारात एका पात्राचे स्वगत, मध्येच लाल प्रकाश, मागून आक्रोशाचा आवाज, शेवटी सगळी पात्रे गोठलेली आणि एक जण प्रेक्षकांत येऊन प्रश्न विचारतो. शिबिरातल्या पोरांची गोष्ट या साच्यातून, अगदी भक्तिभावाने, सांगा. चहाला साखर कमी पडली यावर लाल प्रकाश येऊ द्या. परीक्षक हसतील की गुण कापतील, हे मात्र मी सांगू शकत नाही.

नटांना दोन गोष्टी बजावा. हसू आवरण्याची धडपड प्रेक्षकांना दिसता कामा नये, आणि आपण विडंबनात आहोत हे पात्राला माहीत नाही. तालमीत कोणी ‘इथे पंच कसा मारू’ असे विचारले तर पंच काढून टाका आणि ते वाक्य गंभीर नाटकातल्यासारखे म्हणायला लावा. बहुतेक वेळा तेवढ्याने काम होते. झाले नाही तर वाक्यच वाईट आहे.

आणि पुन्हा पाहायला बसाल तेव्हा क्रम असा ठेवा: आधी चित्रपट, मग थोड्या दिवसांनी २०१५ ची मालिका, २०१७ ची नंतर. मालिका आधी पाहिली तर वयाचा विनोद उलटा लागतो आणि निम्मा वाया जातो. चित्रपट पाहताना ताटाच्या दृश्यापाशी थांबा, आवाज बंद करा, हातात घड्याळ घ्या, आणि ‘आता कापा’ असे पहिल्यांदा कधी वाटले ते सेकंद कागदावर लिहून ठेवा. मग दृश्य शेवटपर्यंत जाऊ द्या आणि दुसरे हसू कधी आले ते त्याखाली लिहा. या दोन आकड्यांमधले अंतर घेऊन तालमीला जा.